जीपीएल २ वरून ३ वर जाता येते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : केळीच्या काट्यावरची नोंद घेऊन हमाली, आडत वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढणारा आमचा प्रोग्राम बरीच वर्षे जीपीएल २ या लायसन्सखाली (कोड कोणत्या अटींवर वापरायचा, बदलायचा, वाटायचा हे सांगणारा परवाना) आहे. आता क्यूआर कोड छापण्यासाठी जी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यायची आहे, ती अपाचे २.० या वेगळ्या लायसन्सखाली आहे. हे दोन्ही एकत्र चालत नाही असे कळले. मग आमचा प्रोग्राम जीपीएल ३ वर नेता येईल का? (एक वाचक, सावदा, ता. रावेर)

उत्तर : तुम्हाला मिळालेली माहिती खरी आहे. अपाचे २.० हे जानेवारी २००४ मधले लायसन्स. त्यात पेटंटसंबंधी अटी आहेत, आणि जीपीएल २ मूळ अटींखेरीज जादा बंधन घालू देत नाही. जून २००७ मध्ये आलेल्या जीपीएल ३ मध्ये ही अडचण दूर केली आहे. त्यामुळे अपाचेचा कोड जीपीएल ३ च्या प्रोग्राममध्ये घेता येतो. उलट्या दिशेने मात्र नाही.

तुम्हाला ३ वर जाता येईल की नाही, हे फाइलींच्या माथ्यावरच्या एका वाक्यावर ठरते. 'आवृत्ती २, किंवा तुमच्या इच्छेनुसार पुढची कोणतीही आवृत्ती' असे तिथे लिहिले असेल, तर कोणालाही विचारायला नको. तो अधिकार लेखकाने आधीच देऊन ठेवला आहे, आणि तो तुम्हालाच नव्हे, प्रोग्राम उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. 'फक्त आवृत्ती २' असे असेल, तर ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्या सगळ्यांची संमती लागते. एसपीडीएक्सची (लायसन्सचे नाव ठरावीक पद्धतीने लिहिण्याची) एकोळी खूण वापरली असेल तर तिच्या शेवटी 'ओन्ली' आहे की 'ऑर-लेटर', ते बघा. नुसते 'जीपीएल-२.०' ही जुनी खूण आहे आणि तिचा अर्थ 'फक्त २' असाच धरला जात होता. २.० पुढे अधिकचे चिन्ह असेल तर 'किंवा पुढची'.

तिसरा प्रकार सर्वांत घोळाचा, आणि नव्या प्रोजेक्टांत तोच वारंवार दिसतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर रिपॉझिटरी (प्रोजेक्टची जागा) उघडताना यादीतून जीपीएल २ निवडले, लायसन्सची फाइल आपोआप आली, आणि एकाही कोड फाइलीला हेडर, म्हणजे माथ्यावरची ती नोंद, नाही. जीपीएल २ चे नववे कलम म्हणते की प्रोग्रामने आवृत्तीचा क्रमांकच दिला नसेल, तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने (जीपीएल काढणारी संस्था) काढलेली कोणतीही आवृत्ती घेता येते. पण लायसन्सच्या फाइलीवर ठळक अक्षरांत 'आवृत्ती २, जून १९९१' असते, रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल) कोणीतरी 'जीपीएल २' लिहिलेले असते. मग क्रमांक दिलाच नव्हता हे पटवायचे कसे? लायसन्सच्या मजकुराच्या शेवटी एक नमुना हेडर असते, त्यात 'किंवा पुढची' हे शब्द आहेत. पुष्कळ जण त्याकडे बोट दाखवतात. ते लेखकांसाठी दिलेले उदाहरण आहे, तुमच्या लेखकाने केलेले विधान नव्हे. अशा प्रोजेक्टला 'फक्त २' समजूनच चाला आणि संमती गोळा करा.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी फाइलींची पूर्ण छाननी करा. गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) याच्या ग्रेप या शोधाच्या आज्ञेने 'लायसन्स' आणि 'कॉपीराइट' हे शब्द सगळ्या फाइलींत शोधा. नव्वद फाइली 'किंवा पुढची'च्या आणि एकच 'फक्त २'ची असेल, तरी सगळे मिळून 'फक्त २'च. ही एक फाइल बहुधा बाहेरून आणून टाकलेल्या फोल्डरात सापडते: प्रिंटरचा ड्रायव्हर, काट्याच्या सिरियल पोर्टवरून वजन वाचणारा तुकडा, असे काही. पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत लिहिलेले लायसन्स हेडरशी जुळते का, तेही बघा. जुळत नसेल तर हेडर लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणत्याही बाजूने दुरुस्ती करू नका.

आणि नेताना एक काळजी घ्या. 'किंवा पुढची' असलेल्या फाइलींची हेडरे पुसून '३' लिहिण्याची गरज नाही. ती तशीच राहू द्या. जीपीएल ३ चा पूर्ण मजकूर जसाच्या तसा ठेवा आणि रीडमीत लिहा की अपाचेच्या लायब्ररीसह हा प्रोग्राम एकत्रितपणे जीपीएल ३ खाली दिला जातो. हेडर बदलणे बेकायदा नाही. पण ते तसेच ठेवले, तर उद्या दुसऱ्या गावातल्या कोणाला तुमची एखादी फाइल जीपीएल २ च्या कामात घ्यायची असेल, तर वाट मोकळी राहते. अपाचेच्या लायब्ररीबरोबर 'नोटीस' नावाची फाइल आली असेल, तर ती सोबत द्यावी लागते. हे हमखास विसरले जाते.

प्रश्न : आमचा प्रोजेक्ट 'फक्त २'चा निघाला. कोड लिहिणारे एकूण नऊ. सात जण तयार आहेत, एकाचा ईमेल परत येतो, एक सहकारी वारले. सातांच्या बहुमताने पुढे जावे का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : बहुमत इथे चालत नाही. ज्याने लिहिले त्याचा त्या ओळींवर स्वतंत्र कॉपीराइट असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क ६० वर्षे टिकतो. म्हणून वारलेल्या सहकाऱ्याच्या बाबतीत संमती वारसांनी द्यायची. ते संगणकाशी संबंधित नसतील, तर घरी जाऊन मराठीत समजावून सांगा. बहुतेक घरे आनंदाने सही करतात, कारण आपल्या माणसाचे काम पुढे चालणार असते.

गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्काच्या लायब्ररीच्या प्रकल्पाने २०१७ मध्ये शेकडो लेखकांना पत्रे पाठवताना उत्तर न आल्यास हरकत नाही असे धरू, असे लिहिले, आणि त्यावर कडाडून टीका झाली. ते काम शेवटी सप्टेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत अपाचे २.० वर गेले. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रकल्पाने आपली मूळ लायब्ररी जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सौम्य रूपावर नेताना लेखकांना एकेक करून गाठले. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाने २०१२ मध्ये लायसन्स बदलले, तेव्हा ज्यांची संमती मिळाली नाही त्यांनी काढलेले रस्ते आणि ठिकाणे नकाशातून काढून टाकली. हे कठोर वाटते, पण पुढे कोणी हरकत घेतली तर उत्तर देता येते.

आधी नऊ हा आकडा खरा आहे का, ते तपासा. गिटच्या शॉर्टलॉग आज्ञेला एस, एन आणि ई हे पर्याय जोडले की लेखक, त्यांच्या कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) संख्या आणि ईमेल दिसतात. एकच माणूस कॉलेजच्या आणि घरच्या ईमेलने दोनदा येतो, ते मेलमॅप नावाच्या फाइलीने जुळवा. उलट काही माणसे या यादीत येतच नाहीत. व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने आलेला पॅच (बदलाचा तुकडा) प्रमुखाने स्वतःच्या नावाने कमिट केला, की खरा लेखक दडतो. 'सौजन्य', 'पॅच दिला', 'आभार' असे शब्द कमिटच्या संदेशांत शोधा. जुना कोड झिप फाइलीतून एकदम आणून टाकला असेल, तर त्या पहिल्या कमिटमागे किती हात होते हे माणसांनाच विचारावे लागते.

मग गिटच्या ब्लेम (कोणती ओळ कोणाची ते दाखवणाऱ्या) आज्ञेने बघा की ईमेल न लागणाऱ्या माणसाच्या किती ओळी आज शिल्लक आहेत. सोबत डब्ल्यू, मोठा एम आणि मोठा सी हे पर्याय द्या. नाहीतर कोणी नुसती मोकळी जागा बदलली किंवा तुकडा दुसरीकडे हलवला, तरी ओळी त्याच्या नावावर दिसतात. पण एवढ्यावर विसंबू नका. त्याच्या रचनेवरून कोणी पुढे बदल केले असतील, तर ओळ दुसऱ्याच्या नावावर आणि मूळ त्याचे, असे होते. फायलीचा इतिहास वाचावाच लागतो. शुद्धलेखनाची दुरुस्ती किंवा एका अंकाचा बदल अडचणीचा नाही. जीपीएल जिथून आले तो जीएनू प्रकल्प साधारण १५ ओळींच्या पुढचे योगदान कायदेशीरदृष्ट्या महत्त्वाचे धरतो. ती सीमा कायद्यातली नाही, पण अंदाजाला उपयोगी आहे.

उरलेला भाग नव्याने लिहा. एकाने जुना तुकडा वाचून तो काय करतो एवढेच कागदावर उतरवावे: कोणती माहिती आत येते, काय बाहेर पडते, चूक झाली तर काय होते. दुसऱ्याने, ज्याने तो कोड पाहिलेला नाही त्याने, फक्त त्या कागदावरून लिहावे. जुना कोड शेजारी उघडा ठेवून नावे बदलत बसणे म्हणजे नव्याने लिहिणे नव्हे. छोट्या प्रोजेक्टमध्ये बेपत्ता माणसाचा शोध महिनोन्‌महिने घेण्यापेक्षा हे लवकर आटोपते.

संमती लेखी हवी. कॉपीराइट कायद्याचे ३० वे कलम लायसन्स लेखी मागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहीची अट राहिली नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक नोंद लेखी म्हणून मानतो. म्हणजे ईमेल चालतो. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा किंवा 'ओके' नको, कारण कशाला ओके हे त्यातून कळत नाही. लेखकाने स्वतःच्या खात्यावरून असे लिहावे: 'या प्रोजेक्टमध्ये मी आजवर दिलेले सर्व योगदान जीपीएल आवृत्ती ३ किंवा पुढच्या कोणत्याही आवृत्तीखाली देण्यास माझी संमती आहे. हे योगदान माझे स्वतःचे आहे.' सगळी उत्तरे तारखेसह रिपॉझिटरीतच एका फाइलीत जपून ठेवा. 'किंवा पुढची' हे शब्द या वेळी गाळू नका, नाहीतर चौथी आवृत्ती आली की पुन्हा नऊ दारे ठोठवावी लागतील.

प्रश्न : आमच्या डाळमिलचा स्टॉकचा प्रोग्राम एका मुलाकडून पैसे देऊन करून घेतला. प्रोग्राम ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला) करायचे ठरले, पण आता लायसन्सची आवृत्ती बदलायला तो मुलगा नाही म्हणतो. पैसे आम्ही दिले, मग हक्क आमचाच ना? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : तो पगारी नोकर होता का, हे आधी बघायला हवे. कायद्याच्या १७ व्या कलमानुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, उलट करार नसेल तर. पण काम ठरवून बाहेरच्या माणसाकडून करून घेतले असेल, तर पैसे चुकते केल्याने कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही. त्याने लेखी, सही करून हस्तांतर केले तरच येतो. कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्टही तसेच. विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नाही, म्हणून वेगळा करार नसेल तर कोड त्याचाच.

हस्तांतराच्या कागदात तीन गोष्टी नसल्या, तर १९ वे कलम त्या आपल्या पद्धतीने भरते, आणि त्या ओपन सोर्सला फार अडचणीच्या आहेत. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षे. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि हक्क एका वर्षात वापरला नाही तर हस्तांतर संपले. इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी नमुन्यांत हे नसते, कारण तिथला कायदा वेगळा. म्हणून 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, आणि कलम १९(४) मधील एक वर्षाची अट लागू राहणार नाही' हे स्पष्ट लिहून घ्या. कलम ३० अ मुळे या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह लायसन्सलाही लागतात. जीपीएल ३ च्या दुसऱ्या कलमात अधिकार कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी दिले असून अटी पाळल्यास ते मागे घेता येणार नाहीत, असे वाक्य आहे. जीपीएल २ मध्ये असे वाक्य नाही. भारतात लिहिल्या जाणाऱ्या कोडसाठी ३ कडे जाण्याचे हे आमच्या मते सर्वांत भक्कम कारण आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

तुमच्या बाबतीत कागद नसेल तर त्या मुलाशी पुन्हा बसा, वेगळा मोबदला द्या आणि हस्तांतर लिहून घ्या.

प्रश्न : आम्ही काही जणांनी अहिराणी शब्दांची यादी केली आहे, ती सीसी बाय-एसए ३.० (मजकूर, चित्रे वगैरेंसाठीचे क्रिएटिव्ह कॉमन्सचे लायसन्स) खाली आहे. मराठी विकिपीडियातला मजकूर उदाहरणांसाठी घ्यायचा आहे. पुढे ही यादी जीपीएलच्या शुद्धलेखन तपासनिसातही हवी आहे. (एक वाचक, शहादा)

उत्तर : हे काम व्हायलाच हवे, आणि लायसन्स त्याच्या आड येत नाही. फक्त क्रम चुकवू नका.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ३.० मध्ये पुढच्या आवृत्तीची सोय आहे, पण ती जीपीएलहून वेगळी. मूळ यादी आहे तशी ३.० खालीच राहते. तिच्यात भर घालून, बदल करून जी नवी कृती तयार होते, ती ४.० खाली देता येते. विकिपीडियाचा मजकूर जून २०२३ पासून ४.० खाली आहे, म्हणून उदाहरणे घातलेली यादी ४.० ची करा. ४.० चा मजकूर ३.० च्या यादीत घालून ती ३.० नेच वाटता येत नाही. ज्या लेखांतून वाक्ये घेतली त्यांचे दुवे आणि काय बदलले याची नोंद सोबत ठेवा.

तपासनिसासाठी पुढची पायरी. ऑक्टोबर २०१५ पासून बाय-एसए ४.० चे साहित्य जीपीएल ३ च्या कामात घेता येते, तेही एकाच दिशेने. जीपीएल २ शी अशी सोय नाही, आणि ३.० वरून थेट उडी मारता येत नाही. आधी ४.०, मग जीपीएल ३. इथे 'किंवा पुढची' लिहू नका, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सने मान्यता फक्त तिसऱ्या आवृत्तीला दिली आहे. जीपीएल ३ च्या १४ व्या कलमानुसार पुढची आवृत्ती मान्य करायची की नाही हे ठरवणारा प्रतिनिधी नेमता येतो. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचे नाव घाला, म्हणजे भविष्याचीही सोय होते.

यादी करणारे सगळेच जण हाताशी असतील, तर हे कशाला? सर्वांनी मिळून मूळ यादीच ४.० खाली पुन्हा जाहीर करा. शब्द सांगणाऱ्या आजीबाईंची नावे ऋणनिर्देशात जरूर द्या. सुटा शब्द कोणाच्या मालकीचा नसतो, पण अर्थाची मांडणी आणि लिहिलेली वाक्ये असतात.

प्रश्न : ठिबकच्या व्हॉल्व्हचा कंट्रोलर बनवतो. आत लिनक्स आहे. आमचा प्रोग्राम जीपीएल ३ केला तर लिनक्सही ३ करावे लागेल का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : नाही, आणि करताही येणार नाही. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'फक्त २' आहे, आणि लेखक हजारोंच्या संख्येत असल्यामुळे तो तसाच राहील. पण कर्नलवर चालणारा प्रोग्राम वेगळी कृती धरला जातो. कर्नलच्या लायसन्सच्या सोबतच्या टिपेत तसे स्पष्ट म्हटले आहे. २ चा कर्नल आणि ३ चा प्रोग्राम एकाच डब्यात सुखाने राहतात. कर्नलमध्ये भरायचे मोड्यूल मात्र २ शी जुळणारेच हवे.

तुमच्यावर परिणाम करणारी गोष्ट दुसरी आहे. जीपीएल ३ चे सहावे कलम सांगते की घरगुती वापराच्या वस्तूत हा प्रोग्राम घालून विकला, तर ग्राहकाला बदललेला प्रोग्राम त्यात चढवता येईल इतकी माहिती आणि लागल्यास किल्ल्याही द्याव्या लागतात. शेतातला कंट्रोलर घरगुती वस्तू आहे का, यावर वाद होऊ शकतो, आणि संशय असेल तर लायसन्सचा कल ग्राहकाच्या बाजूने आहे. बूटलोडर (यंत्र सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) कुलूपबंद असेल तर तो उघडण्याची रीत पुस्तिकेत छापा. मे महिन्यात कंट्रोलर बंद पडला आणि तुमचा माणूस चार दिवस येऊ शकला नाही, तर तालुक्याचा मेकॅनिक तो दुरुस्त करू शकेल.

लायब्ररी एलजीपीएल २.१ ची असेल, तर घाबरू नका. तिच्या तिसऱ्या कलमात प्रत घेणाऱ्याला ती प्रत साध्या जीपीएल २ वर किंवा त्यापुढच्या निघालेल्या आवृत्तीवर नेण्याची मुभा आहे, हेडरात 'किंवा पुढची' नसले तरी. मात्र तशी नेलेली प्रत पुन्हा एलजीपीएलवर येत नाही.

चूक झालीच तर ३ अधिक क्षमाशील आहे. २ मध्ये अट मोडली की हक्क तिथल्या तिथे संपतो. ३ मध्ये पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर हक्क कायमचा परत मिळतो.

प्रश्न : एमआयटी या आणखी एका लायसन्सची नवी आवृत्ती कधी येणार? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : त्याला आवृत्त्यांचे क्रमांकच नाहीत. एमआयटीचा कोड जीपीएल ३ च्या कामात घेता येतो, पण कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर त्या फाइलींसोबत राहिला पाहिजे. मोझिला २.० या लायसन्सच्या दहाव्या कलमात पुढची आवृत्ती घेण्याची मुभा आपोआप आहे, वेगळे लिहावे लागत नाही. अपाचे २.० मध्ये अशी मुभा नाही.

प्रश्न : नव्या आवृत्तीवर गेल्यावर जुन्या प्रती २ खाली वाटणाऱ्यांना थांबवता येईल का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : थांबवता येणार नाही. बदल पुढच्या प्रतींना लागतो. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदलले, तेव्हा ७.२.४ पर्यंतचा कोड बीएसडी या आधीच्या मोकळ्या लायसन्सखालीच होता. तिथूनच वाल्की हा वेगळा प्रकल्प सुरू झाला, आणि रेडिसला त्यावर हरकत घेता आली नाही. पुढे मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल ३ (जीपीएल ३ चेच एक रूप) चा पर्यायही दिला. तुमच्या रिपॉझिटरीत बदलाच्या आधीच्या शेवटच्या कमिटला टॅग (नावाची खूण) लावा आणि रीडमीत त्या टॅगचे नाव देऊन लिहा: इथपर्यंत २, यापुढे ३. कोणत्या प्रतीला काय लागते, हा प्रश्न मग प्रत्येक वापरणाऱ्याला तुम्हाला फोन करून विचारावा लागणार नाही.